रणधीररावांची गाडी

"आबा, ह्या फुलांनी गाडी गुदमरंल," मी म्हणाले.

पैठणी नेसून झाली होती, गजरा अजून अर्धाच माळला होता आणि मी तशीच अंगणात आले होते. समोर आमची पांढरी, सात माणसांची मोठी गाडी उभी होती. तिच्या तोंडावर एक माणूस झेंडूची जाळी बांधत होता. रणधीररावांनी त्याला मुद्दाम साताऱ्याहून बोलावला होता. तारेच्या चौकटीत एकाला एक खेटून ओवलेली फुलं, बोनेटच्या कडेपासून खाली बंपरपर्यंत. बोट घालायला फट नव्हती. मधोमध गुलाबांनी 'प्रताप' आणि 'सायली' अशी नावं काढली होती.

आबांनी जाळीवरची नजर न काढता मान हलवली. "व्हय, झकास दिसतीया," ते म्हणाले.

"झकासचं न्हाई बोलत मी. रेडिएटरला वारा लागणार न्हाई. मे महिना हाय, आणि येताना आख्खा कुंभार्ली घाट चढायचाय."

आबा काहीच बोलले नाहीत. तेवढ्यात रणधीररावांनी त्यांच्या दंडावर थाप मारली आणि त्यांच्यासमोर जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं, "आबा, ताई म्हणत्यात, फुलं काढायची का? गाडी तापंल म्हणत्यात."

"आता गं कुंदे?" आबा वैतागले. "लग्नाची गाडी काय बोडकी न्यायची? रणधीररावांनी एवढी हौसेनं सजवलीया. तू जा, आवर तुजं."

माझ्या बापाला माझं बोलणं ह्या माणसानं समजावून सांगायचं. मग बापानं निकाल द्यायचा, आणि तोही ह्याच्याच बाजूनं.

"ताईच्या पोटात दुखतंय, दुसरं काय न्हाई," ओट्यावरून वैजू म्हणाली. वैजू माझी धाकटी बहीण, रणधीररावांची बायको.

खरंच दुखत होतं. नाही कशाला म्हणू?

आबांची एके काळी जीप होती. पाटणपासून हेळवाकपर्यंत सीटा भरायचे. मी त्या जीपच्या बोनेटखाली वाढले म्हटलं तरी चालेल. आई मला परकराला काळं लागलं म्हणून बडवायची आणि आबा हसायचे. संध्याकाळी ओट्यावर डोळे मिटून बसले की रस्त्यावरून जाणारी प्रत्येक जीप ते आवाजावरून सांगायचे. "ही शंकऱ्याची. त्याला म्हणावं, फॅनबेल्ट बदल." दोन दिवसांत शंकऱ्याचा फॅनबेल्ट तुटलेला असायचा. लांबून लांबून ड्रायव्हर गाडी घेऊन यायचे, नुसती चालू करून दाखवायला. आबा बोनेट न उघडता दुखणं सांगायचे. मला वाटायचं, असा बाप तालुक्यात कुणाला नाही. प्रताप, आमचा भाऊ, कॉम्प्युटरकडे गेला. वैजूला डिझेलचा वास सोसायचा नाही. उरले मी. अठरा पुरी झाल्यावर आबांनी मला स्टिअरिंगवर बसवलं आणि कोयनानगरला नेऊन आणलं. परत आल्यावर आईला म्हणाले, "पोरगी माझ्यावर गेलीया." पुढे आयुष्यात मला कुणी काही दिलं असेल तर त्याच्या खालोखाल.

माझं लग्न झालं ते फौजेतल्या माणसाशी. आमचे साहेब तेव्हा जैसलमेरला होते. आई गेल्यावर आबांना करून घालायला कुणी नाही म्हणून मी पाटणलाच राहत होते. आणि त्याच सुमारास आबांनी ही गाडी घेतली, कराडच्या एका ठेकेदाराची, वापरलेली.

जुनी गाडी म्हणजे सवतीचं पोर. आधीच्या घरात त्याला काय खायला घातलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. मी घ्यायच्या आधीच रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं होतं. आत पाणी कसलं, चहाच. त्या ठेकेदारानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. मी रेडिएटर धुऊन घेतला, नवं कूलंट भरलं, मऊ पडलेले होसपाइप बदलले. एअर फिल्टर झटकला तर खडीच्या खाणीएवढी धूळ निघाली. ऑइल मुदतीच्या आधीच बदलायचं, घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर तसंच चालू ठेवायचं, म्हणजे टर्बो निवतो. ही सगळी पथ्यं मी लावली. पहिले काही महिने आबा आणि मी रोज सकाळी बोनेट उघडून उभे असायचो. चहा तिथेच यायचा.

मग दिवाळी झाली आणि काय बिनसलं कुणास ठाऊक. मी बोनेट उघडलं की आबांना परसात काम निघायचं. "आबा, हा खरखर आवाज कसला हो?" असं विचारलं तर, "रणधीरराव आले की बघतील." किल्ली खुंटीवरची काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. गाडी न्यायची तर मी मागून घ्यायची.

रणधीररावांचं कराडला फरशीचं दुकान. दर रविवारी यायचे. फरशीतलं त्यांना सगळं कळतं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण इंजिनातलं? ऑइलची पट्टी कुठे असते हे मी दाखवलं होतं त्यांना. त्यांनी गाडीला काय केलं, तर सीटला मखमली कव्हरं घातली, अत्तराची बाटली चिकटवली आणि मागे दोन मोठे स्पीकर बसवले. गाडीत बसले की गाणी अशी लावायचे की इंजिन चालू आहे का बंद हेही कळू नये. वर सासऱ्याच्या मांडीवर थाप मारून बोलायची सवय. सासऱ्याशी असं बोलतं का कुणी? आणि आबा त्यांना "रणधीरराव, तुम्ही बघा जरा" म्हणायचे. मला "कुंदे, चहा टाक." जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते ठीक, पण ह्या ग्रहाची आमच्या घरी आरतीच चालली होती. कानामागून आला आणि तिखट झाला. गल्लीतली पोरंसुद्धा तिला 'रणधीररावांची गाडी' म्हणायला लागली होती.

प्रतापचं लग्न ठरल्यावर मी आबांना एकच गोष्ट मागितली. चिपळूणला जाताना-येताना गाडी मी चालवणार. घाट मला पाठ आहे, गाडीही मला माहीत आहे.

"करवली कधी स्टिअरिंगवर बसती व्हय?" आबा म्हणाले. "थोरली तू. कऱ्हा तुज्या हातात. रणधीरराव चालवतील."

आमच्या भावकीत करवलीनं कऱ्हा हातात घेतला की नवरी उंबरा ओलांडेपर्यंत खाली ठेवायचा नाही. मानच तो. पण मला वाटलं, हा मान मला दिलेला नाही, मला स्टिअरिंगपासून लांब ठेवायला माझ्या हातात बांधलाय. तांब्याचा तो कऱ्हा, त्यातलं पाणी, वर नारळ आणि पानं. दोन्ही हात त्यातच.

निघायच्या आधी मी एवढंच केलं, कूलंटचा एक कॅन मागच्या सीटखाली सारून ठेवला.

जाताना घाट उतरायचा होता. उतारावर इंजिनाला काय कष्ट? तापमानाचा काटा जागचा हलला नाही. पोफळीला पोहोचल्यावर रणधीररावांनी मान वळवली.

"बघा ताई. काटा हाय तिथंच हाय."

"येताना बघू," मी म्हणाले.

"ताई, तुम्हाला मनातनं वाटतंय का, गाडी बंद पडावी म्हणून?" ते हसत म्हणाले. वैजू आणि प्रताप खो खो हसले. आबाही हसले, सगळ्यांकडे बघून.

मला तसं वाटत होतं का? थोडं वाटत होतं. एकदा चांगली तापावी, ह्यांचं थोबाड उतरावं, आणि आबांनी मागे वळून म्हणावं, "कुंदे, तूच बघ आता." पण गाडी माझी होती. कागदावर आबांची, गल्लीत रणधीररावांची, आणि कष्टानं माझी. तिला काही व्हावं असं मला कसं वाटेल? दोन्ही एकदमच वाटत होतं. कऱ्हा धरून हात अवघडले होते आणि स्पीकर कानाशी कोकलत होते.

लग्न छान झालं. सायली दिसायला गोड, आणि उगाच लाजणारी नव्हती हे मला आवडलं. पंगतीत व्याह्यांनी आबांना आग्रह केला, आबा नुसते मान हलवत हसत राहिले आणि रणधीररावच सगळ्यांना उत्तरं देत होते. जणू घरचा कर्ता तेच. मी जेवले नाही नीट.

परत निघालो ते टळटळीत उन्हात. गाडीत आता सायलीची भर पडली होती. टपावर रुखवत, बॅगा, भांडी. एसी पूर्ण सोडलेला. पुढे रणधीरराव आणि शेजारी आबा, मधे नवरा-नवरी आणि कऱ्हा घेतलेली मी, मागे सामानात चेपलेली वैजू. पोफळी मागे पडली, चढ लागला आणि मी रणधीररावांच्या खांद्यावरून काट्याकडे बघायला लागले.

"एसी बंद करा," मी म्हणाले.

"नवरीला घाम येईल, ताई."

"आला तर पुसंल ती. काटा वर चाललाय."

"निम्म्याच्या जरा वर हाय. घाटात येतोच की."

"गाणी तरी बंद करा. इंजिन काय म्हणतंय ते ऐकू द्या."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. गाणी बंद केली नाहीत. मग मी वाकून थेट आबांनाच म्हणाले, "आबा, गाडी ओढत न्हाई. दुसऱ्या गिअरात टाकली तरी रडतीया. तुम्ही सांगा की ह्यांना."

आबा खिडकीतून दरीकडे बघत होते. मान वळवली नाही, हूं नाही की चूं नाही. एवढ्या जवळून बोलले होते मी. माझा आवाज त्यांच्या कानाशी गेला आणि त्यांनी तो माशी हाकलावी तसाही हाकलला नाही. नवीन सुनेसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कऱ्हा हातात असल्यामुळे ते पुसताही आलं नाही.

"ताई, राहू दे गं आता," वैजू मागून म्हणाली. "आजच्या दिवस तरी."

पुढच्या वळणावर गोडसर, करपल्यासारखा वास आला. मला तो वास ओळखीचा होता. मग बोनेटच्या कडेनं वाफ निघाली आणि काटा लाल रेघेवर जाऊन टेकला. रणधीररावांनी गाडी कठड्यालगत घेतली, बंद केली आणि बोनेट उघडलं. पांढऱ्या वाफेचा लोट उठला.

सगळ्यांनी आधी वाफेकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला बोलायची गरजच नव्हती, आणि मला त्याचं सुख झालं, खोटं कशाला सांगू.

"आधी ती जाळी उतरवा," मी म्हणाले.

प्रताप तारा ओढायला लागला, पण त्या माणसानं इमानदारीत बांधली होती. शालू खोचून सायली पुढे झाली. "माझं नाव मी काढते, ताई," ती म्हणाली आणि गुलाब ओरबाडायला लागली. दोघांनी मिळून जाळी काढली आणि रस्त्याकडेला टाकली. कठड्यावरची माकडं लगेच खाली उतरून झेंडू सोलून बघायला लागली.

रणधीरराव माझ्याकडे आले. चेहरा पार पडला होता. "फुलांचं मला खरंच वाटलं न्हवतं, ताई," ते म्हणाले. "कूलंट तुम्ही घेतलं होतं न्हवं?"

"मागच्या सीटखाली."

ते सामान उतरवायला गाडीच्या मागच्या बाजूला गेले. मी कऱ्हा घेऊन कठड्यापाशी उभी राहिले. वाफ हळूहळू थांबली. आणि आबा बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवून गाडीकडे निघाले.

मनात म्हटलं, बघा. शेवटी बोनेटखाली आबाच. आता मला हाक मारतील.

आबांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती. वाफ दिसते तेव्हा गाढवसुद्धा लांब उभं राहतं. खरी अक्कल वाफ थांबल्यावर लागते. तेव्हा ऐकायचं. पोटात खदखद आहे तोवर झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर तोंडावर उकळतं पाणी येतं. त्यांच्या लाइनवरचा एक ड्रायव्हर असाच भाजला होता.

आणि रेडिएटर खदखदत होता. पाच पावलांवर मी उभी होते, मला स्वच्छ ऐकू येत होतं. चुलीवर मोठं भगुणं उकळावं तसं.

आबांनी फडकं झाकणावर टाकलं.

"आबा, थांबा."

त्यांनी तळवा दाबला.

"आबा!"

प्रताप वळला. सायली वळली. माकडं झेंडू टाकून कठड्यावर चढली. आबा वळले नाहीत. पाठमोरे, शांतपणे, झाकण फिरवत होते.

मी कऱ्हा सायलीच्या हातात कोंबला आणि धावले. आबांचा दंड धरून ओढला तेवढ्यात झाकण सैल झालं आणि कडेनं सूंऽऽ करत गरम पाण्याची चिळकांडी उडाली. माझ्या मनगटावर आली. आबा दचकून मागे सरले. एकदा झाकणाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"खदखदतंय न्हवं ते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. "न्हाई गं," ते म्हणाले. "थांबलंय कवाच."

आत एवढा गडगडाट चालला होता की सायली दोन पावलं मागे गेली होती.

रणधीरराव कॅन घेऊन धावत आले आणि आम्हाला तसं बघून जागीच थांबले. आबा फडकं झटकत, जणू काही झालंच नाही असं दाखवत, गाडीच्या पलीकडे गेले. मी रणधीररावांना कठड्याकडे घेऊन गेले.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी आधी पाण्याच्या बाटलीतलं पाणी माझ्या मनगटावर ओतलं. मग म्हणाले, "दिवाळीपासून. डावा कान पार गेलाय. उजव्याला थोडं येतं, पण समोरनं बोललं तरच. माझ्या लक्षात आलं तेव्हा मीच कराडला डॉक्टरकडे नेलं."

"आणि मला सांगितलं न्हाई."

"मला आधी वाटलं, तुम्हाला ठाऊकच असंल. तुम्ही रोज घरात."

मी रोज घरात होते. हाक मारली की ते वळायचे नाहीत, विचारलं की उत्तर द्यायचे नाहीत. मला वाटायचं, माझं ऐकायचंच नाही असं ठरवलंय. जावई गोड झाला म्हणून लेक कडू झाली. ह्यापलीकडे माझी अक्कल गेलीच नव्हती.

"मग गाणी एवढ्या मोठ्यानं..."

"गाणी लावली की कुणाचंच कुणाला ऐकू येत न्हाई," रणधीरराव म्हणाले. "आबा आरामात बसतात मग. कुणी काय विचारलं आणि कळलं न्हाई तर गाण्यावर खपतं." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "डॉक्टर म्हणत्यात मशीन लावा कानाला. बरंच ऐकू येईल. मी आणून पण ठेवलंय दुकानात. पण आबा घेत न्हाईत."

"का?"

"कुंदीला दिसंल म्हणत्यात."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी लई समजावलं, ताई. म्हटलं, ताईंना सांगू, त्या काय परक्या हायत का. तर म्हणाले, तुमचं निराळं, रणधीरराव. तुम्हाला फरशी कळती. तिला मी आवाजावरनं गाडी सांगणारा बाप म्हणून ठाऊक हाय. ती बोनेट उघडून विचारती, आबा, हा कसला आवाज? मी काय सांगू तिला? माझ्याकडनं शपथ घेतली. वैजूची शपथ. म्हणून तिलाबी सांगितलं न्हाई."

खाली दरीत कुठेतरी ट्रक चढत होता, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं, सगळं कळल्यावर तरी पोटातली आग शांत होईल. उलट भडकली. किल्ली गेली, गाडी गेली, ते एक वेळ ठीक. पण माझ्या बापाचं मोडलेलं, लपवलेलं असं जे काही होतं, ते माझ्याआधी ह्या माणसाच्या हाती पडलं होतं, आणि त्यानं ते जपलंही होतं नीट. ते मला जास्त लागलं. चांगला वागला म्हणून मला त्याचा आणखी राग आला.

"फुलं मात्र तुम्ही बांधायला नको होती," मी म्हणाले.

"न्हाई बांधायला पाहिजे होती," ते म्हणाले.

गाडीपाशी वैजूचा आवाज चढला होता. नवरीच्याच हातात कऱ्हा बघून ती हबकली होती. "आगं बाई, नवरीनं धरायचा असतो व्हय? दे इकडं," म्हणत तिनं तो आपल्याकडे घेतला आणि एकदा हातात आल्यावर सोडेना. मीही मागितला नाही.

बराच वेळ आम्ही थांबलो. खदखद पूर्ण थांबली हे मी कान लावून बघितलं, मग झाकण उघडून कूलंट भरलं. आबा पलीकडे उभे राहून बघत होते. हात पुढे केला नाही त्यांनी.

रणधीररावांनी किल्ली माझ्यासमोर धरली. "ताई, इथनं पुढं तुम्ही घ्या. माझ्याच्यानं चढत न्हाई आता."

आबांनी तोंड उघडलं, वैजूच्या हातातल्या कऱ्ह्याकडे बघितलं, आणि मिटलं. गुपचूप पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. रणधीरराव सामानात मागे गेले.

मी पैठणीचा पदर खोचला. एसी बंद ठेवला, सगळ्या काचा खाली करायला लावल्या आणि हीटर लावला.

"हीटर?" प्रताप म्हणाला. "मे महिन्यात?"

"इंजिनाची ऊब आपण घ्यायची, म्हणजे त्याला कमी लागंल," मी म्हणाले. सायलीनं शालूच्या पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. कुणी गाणी लावली नाहीत.

मी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, आणि मला लगेच ऐकू आलं. इंजिनाच्या डोक्यातून, वरच्या बाजूनं, बारीक पण सलग टकटक. आधी नव्हती. तापून इंजिनाचं हेड वाकलं असणार, हे मला तिथेच कळलं. पुढे कराडच्या गॅरेजात ते उतरवावं लागलंच. वर कोयनानगरपर्यंत सांभाळून न्यायची, एवढंच माझ्या हातात होतं.

गाडीत सगळ्यांना ती टकटक ऐकू येत होती. आबांनी डोळे मिटले. मान जरा तिरकी केली, ओट्यावर बसून करायचे तशी. मग डोळे उघडून, सुनेकडे मागे वळून, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "काय झालेलं न्हाई इंजिनाला. आवाज बघा कसा गोड हाय."

"आबा, पण ही टकटक..." वैजू बोलायला लागली.

"गोड हाय, आबा," मी म्हणाले. त्यांना कळावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा, आणि मोठ्यानं.

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. ती तिथून वर आली आणि माझ्या डोळ्यांवर थांबली. आबांचा चेहरा लहान मुलाला चोरी करताना धरावं तसा झाला, क्षणभर. मग त्यांनी कपाळाला आठी घातली.

"वरडतीस कशाला?" ते म्हणाले. "मी काय बहिरा हाय?"

"न्हाई आबा," मी म्हणाले. आवाज खाली आणला, पण तोंड त्यांच्याकडेच ठेवलं.